नवरात्राआधी चष्मा घालवायचा आहे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातून २३ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा : सहावीपासून चष्मा आहे. आता उजवा डोळा मायनस ६, सिलिंडर (असमान वक्रतेचा नंबर) १.२५, डावा मायनस ५.५, सिलिंडर १. गेल्या वर्षी उजवा ५.२५ होता. नोकरी संगणकावरची, दिवसभर एसीत. घराबाहेर कॉन्टॅक्ट लेन्स, घरी चष्मा. संध्याकाळी डोळे खाजतात, 'चोळल्याशिवाय चैनच पडत नाही'. एका सेंटरमध्ये तपासणी केली. लेन्स तिथेच पोचल्यावर काढली. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भिंतीची, जाडी उजवीकडे ४९८ आणि डावीकडे ५०२ मायक्रॉन निघाली. लेसिक (लेसरनं चष्म्याचा नंबर काढणं) होईल, नवरात्रात बिनचष्म्याचा गरबा खेळा, असं त्यांनी सांगितलं. शिवाय या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत, घरातल्या आणखी एकालाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघून लेसिक नको, पीआरके (लेसरचाच वेगळा प्रकार) किंवा आयसीएल (डोळ्याच्या आत लेन्स बसवणं) यांचा विचार करा असं म्हटलं. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि आईला चष्मा त्याआधी गेलेला हवा आहे. आजी म्हणते, लेसरनं डोळा भाजेल. मायनस ३ नंबरचे ४६ वर्षांचे बाबा सवलतीत आपलंही करून घ्यायचं म्हणताहेत. शेवटी प्रश्न : 'दोघांपैकी कोणाचं ऐकू?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आकडे तुम्ही इतके नीट लिहिले आहेत की उत्तर देणं सोपं झालं. आत्ता दोघांपैकी कोणाचंच ऐकू नका. दोघे वाईट सल्ला देताहेत असं नाही. दोघांचा सल्ला ज्या मोजमापावर उभा आहे ते मोजमापच कच्चं आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स दिवसभर कॉर्नियावर बसून त्याचा आकार किंचित बदलते. लेन्सखाली प्राणवायू कमी पोचला तर कॉर्निया थोडा सुजतोही. लेन्स काढल्याबरोबर केलेल्या तपासणीत वक्रता, सिलिंडर आणि जाडी हे तिन्ही आकडे थोडेथोडे चुकीचे येऊ शकतात. एरवी त्यानं बिघडत नाही. पण तुमचा सगळा वाद वीस-तीस मायक्रॉनचा आहे, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून तपासणीआधी साधी मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे बंद ठेवतात. सिलिंडरची, म्हणजे टोरिक लेन्स असेल तर पूर्ण दोन आठवडे. कडक लेन्स असेल तर तीन ते चार आठवडे. तुम्हाला सिलिंडर आहे, तेव्हा दोन आठवडे धरा. मधे 'फक्त एका कार्यक्रमापुरती' घातली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

दुसरी गोष्ट नंबराची. लेसर आजचा नंबर काढतो, उद्या वाढणारा नाही. गेल्या एका वर्षात नंबर अर्ध्या नंबरापेक्षा जास्त हललेला नसावा, ही साधारण अट असते. तुमचा उजवा ५.२५ वरून ६ वर गेला आहे, म्हणजे पाऊण. कागदावर तुम्ही इथेच थांबायला हवं होतं आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी तुमचा जुना चष्म्याचा कागद मागायला हवा होता. मात्र ही पाऊण नंबरची वाढ खरीच आहे का, हेही बघायला हवं. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळ्याचे आतले स्नायू आखडलेले असले, तर तपासणीत मायनस नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो. थेंब घालून ते स्नायू सैल करून पुन्हा नंबर काढतात. त्यात उजवा डोळा कदाचित ५.५ निघेल, कदाचित ६ च निघेल. ५.५ निघाला तर तुम्ही अटीत बसता. ६ निघाला तर वर्षभर थांबायचं, त्याला दुसरा इलाज नाही. या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. त्या दिवशी स्कूटी घरी ठेवा, कोणालातरी बरोबर न्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न : ४९८ मध्ये लेसिक होतं की नाही? हे गणित कोणालाही करता येतं आणि लेसरचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा स्वतः करावं असं मला वाटतं.

लेसर नंबर काढतो म्हणजे कॉर्निया मधून घासून थोडा चपटा करतो. किती घासावं लागेल ते दोन गोष्टींवर ठरतं : नंबर आणि घासायच्या वर्तुळाचा व्यास. ढोबळ हिशेब असा की वर्तुळ ६.५ मिलिमीटरचं असेल तर एका नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन, ६ मिलिमीटरचं असेल तर सुमारे १२. तुमच्या उजव्या डोळ्यात ६ अधिक १.२५, म्हणजे सव्वासात. गुणिले १४ केले की साधारण १०२ मायक्रॉन. लेसिकमध्ये याआधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, तो सुमारे ११० मायक्रॉनचा. तो परत बसवतात, पण ताकदीच्या हिशेबात तो धरत नाहीत, कारण तो पुन्हा पहिल्यासारखा घट्ट जोडला जात नाही. ४९८ मधून ११० आणि १०२ गेले. खाली राहिले २८६.

खाली किमान २५० राहायला हवेत हा जुना नियम. बरेच सर्जन आता २८० ते ३०० धरतात. पहिल्या सेंटरनं बहुधा एवढंच बघितलं : २८६ आहेत, चालेल. पण आणखी एक माप आहे. एकूण जाडीपैकी किती टक्के भागाला हात लागला? ११० आणि १०२ मिळून २१२, म्हणजे ४९८ चे साडेबेचाळीस टक्के. ४० च्या वर गेलं की कॉर्निया पुढे कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो असं धरतात. डावा डोळा याच हिशेबानं बरोबर ४० च्या काठावर येतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी नको म्हटलं. एकाच रिपोर्टवरून दोन उत्तरं निघाली ती अशी.

कोणी म्हणेल, वर्तुळ ६ मिलिमीटरचं करू. मग उजवीकडे ८७ मायक्रॉन लागतील आणि टक्केवारी साडेएकोणचाळीसवर येईल. गणित सुटलं. पण अंधारात तुमची बाहुली ६.५ किंवा ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होत असेल, तर घासलेल्या भागाच्या कडेतून प्रकाश आत शिरतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं. गरब्याच्या मैदानावर, फ्लडलाइटखाली, नेमका हाच त्रास होईल. तेव्हा अंधारातला बाहुलीचा व्यास मोजला का, हे विचारा. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात तो रकाना कोरा आहे.

पीआरकेमध्ये झाकण उचलत नाहीत. वरची पातळ त्वचा, सुमारे ५० मायक्रॉन, पुसून काढतात आणि लेसर थेट तिथेच चालतो. ती त्वचा चार-पाच दिवसांत परत येते. तुमच्या हिशेबात ५० आणि १०२ गेले तर ३४६ उरतात, साडेतीस टक्के. ताकदीच्या दृष्टीनं हा सगळ्यांत सुरक्षित लेसर. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, डोळ्यातून पाणी वाहतं, संरक्षक लेन्स घालून ठेवतात. नजर लेसिकसारखी दुसऱ्या दिवशी स्वच्छ होत नाही, तीन-चार आठवडे हळूहळू सुधारत जाते. सहाच्या वरच्या नंबरात कॉर्नियावर धूसर डाग येण्याची शक्यता असते. ती कमी करायला ऑपरेशनच्या वेळीच मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावतात. नंतरचे काही महिने कडक उन्हात गॉगल सक्तीचा. वडोदऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये ही अट तुम्ही खरंच पाळाल का, हे आधी स्वतःला विचारा.

स्माईल या लेसरच्या आणखी एका प्रकाराचं नाव तुमच्या पत्रात नाही, पण कोणीतरी सुचवेलच. त्यात झाकण नसतं. कॉर्नियाच्या आतच भिंगासारखी एक चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. झाकण सरकण्याची भीती नाही, कोरडेपणाही लेसिकपेक्षा कमी. पण चकती काढता यावी म्हणून ती थोडी जाड ठेवावी लागते, १०-१५ मायक्रॉन जास्तीचे. वरचा थर १२० धरला तर तुमच्या उजव्या डोळ्यात खाली २६१ च्या आसपास उरतील. वरचा थर बराचसा अखंड राहतो म्हणून काही सर्जन हे गणित सैल धरतात. तुमचे डोळे खाजतात हे कळल्यावर मी ते सैल धरणार नाही.

आणि पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ हीच आहे. नंबर, जाडी, सवलत हे सगळं नंतरचं. 'चोळल्याशिवाय चैनच पडत नाही' हे आधी.

धूळ आणि ॲलर्जीनं डोळे खाजणं आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की कोणी त्याला आजार म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं मुठीनं डोळे चोळणं आणि कॉर्निया शंकूसारखा पुढे येणं, म्हणजे केराटोकोनस, यांचा संबंध डॉक्टरांना चांगला माहीत आहे. हा आजार बहुतेक वेळा पौगंडावस्थेत किंवा विशीतच सुरू होतो. सुरुवातीला कळतच नाही. फक्त सिलिंडर वाढत जातो, चष्मा लावूनही शेवटची ओळ स्पष्ट होत नाही. अशा कॉर्नियावर लेसर केला तर आधीच नाजूक असलेली भिंत आपण आणखी पातळ केली. काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ती फुगते, नंबर वेडावाकडा वाढतो आणि मग कॉर्नियाला रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी कडक करण्याची प्रक्रिया, खास कडक लेन्सा, क्वचित कॉर्नियारोपण अशी वाट धरावी लागते. तुम्हाला केराटोकोनस आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तो नाही हे सिद्ध झाल्याशिवाय डोळ्याला लेसर लागता कामा नये, एवढंच.

ते सिद्ध करतो पेंटाकॅमसारख्या यंत्राचा नकाशा. त्यात कॉर्नियाची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू दिसतात. आजाराची पहिली खूण बहुधा मागच्या बाजूला उमटते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ४९८ हा मध्यावरचा आकडा आहे की सर्वांत पातळ जागेचा? दोन्हींत दहा मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर ते का? सर्वांत उभी वक्रता किती? ४७-४८ च्या पुढे गेली तर सावध व्हायचं. खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा जास्त उभा आहे का? घरात, मावशी-काकांत कोणाला केराटोकोनस किंवा कॉर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही न विचारता सांगा.

तोवर खाज थांबवायची. डोळे खाजले की बर्फाच्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल बंद पापण्यांवर पाच मिनिटं ठेवा. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ते नेमानं घाला, खाज आली तरच असं नाही. दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे थेंब आणू नका. त्यांनी दोन दिवसांत इतकं छान वाटतं की माणूस महिनोन्महिने घालत राहतो, आणि डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू, कधी मोतीबिंदूही होतो. खाज सहा महिने ताब्यात राहिली, चोळणं सुटलं, तर मग लेसरचं बोलू.

कोरडेपणाची तपासणीही त्याच भेटीत करून घ्या. पापणीखाली कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त भिजली तर ठीक. लेसिकमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे पहिले तीन ते सहा महिने डोळे कोरडे राहतात. आधीच एसीत आठ तास आणि स्क्रीनपुढे पापणी न हलवता बसणाऱ्यांना तो त्रास जास्त. आधी कोरडे असलेले डोळे लेसरनंतर बरे होतील, अशी आशा धरू नका.

आयसीएल हा लेसर नव्हेच. तुमच्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे, रंगीत पडद्याच्या मागे एक पातळ लेन्स बसवतात. कॉर्निया घासत नाहीत आणि गरज पडली तर लेन्स काढता येते. पातळ कॉर्नियावाल्यांसाठी चांगला मार्ग. पण डोळा उघडून आत केलेलं ऑपरेशन आहे हे विसरू नका. आत किमान २.८ मिलिमीटर खोली लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजाव्या लागतात, पुढे दरवर्षी तपासणी, आणि लेन्स नीट मापाची नसेल तर प्रेशर वाढणं किंवा मोतीबिंदू लवकर होणं शक्य आहे. खर्चही सगळ्यांत जास्त. मायनस ६ ला तो आधी सुचवावा असं मला वाटत नाही. कॉर्निया लेसरला नालायक ठरला आणि तुम्हाला चष्मा खरोखर नकोच असेल, तर मात्र हाच.

आजींना सांगा, भाजत नाही. हा १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर रेणूंमधले बंध तोडून थर उडवतो, आजूबाजूला उष्णता जवळजवळ पोचत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आणि ते बघणाऱ्यांत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो, त्यावरून ही समजूत पसरली असावी. पण 'डोळ्याला उगाच हात लावू नये' हे आजींचं दुसरं वाक्य मी खोडणार नाही.

आता स्थळांचं. आईंची काळजी खरी आहे, तिची चेष्टा नको. पण तुमचा चष्मा गेल्यावर जो मुलगा तुम्हाला पसंत करेल, त्याला लग्नानंतर हे कळणारच आहे की ही मुलगी मायनस ६ ची होती. लेसरनं कॉर्निया बदलतो, डोळ्याची लांबी बदलत नाही. मायनस ६ चा डोळा साधारण डोळ्यापेक्षा दोनेक मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो आणि तो फाटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तेवढाच राहतो. मुलांना मायनस नंबर येण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे लपवण्यासारखं काही जात नाही, फक्त फ्रेम जाते. लेसरआधी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी झालीच पाहिजे आणि नंतरही दरवर्षी व्हायला हवी. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. 'माझं तर लेसर झालंय' म्हणून थांबायचं नाही.

लग्नाशी जोडलेली आणखी एक गोष्ट. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, म्हणून तेव्हा लेसर करत नाहीत. दूध सुटल्यावरही काही महिने थांबतात. लग्न पुढच्या वर्षी असेल आणि मूल लगेच हवं असेल, तर हा हिशेब तुम्ही दोघांनी करायचा आहे. तारीख मात्र मुहूर्तावरून ठरवू नका, रिपोर्टवरून ठरवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी डोळे कोरडे पडतात आणि त्या बंद केल्यावर काही महिने जाऊ द्यावे लागतात.

बाबांसाठी माझं उत्तर नाही असं आहे. ते ४६ वर्षांचे आहेत आणि मायनस ३. आज ते चष्मा काढून वर्तमानपत्र वाचत असतील. बघा, नक्की वाचतात. चाळिशी त्यांना लागलेलीच आहे, मायनस नंबरानं ती झाकली आहे. लेसर करून दूरचं स्वच्छ झालं की ताट, मोबाईल, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सगळ्यासाठी सव्वा-दीड नंबरचा जवळचा चष्मा लागेल. एक चष्मा देऊन दुसरा घ्यायचा आणि वर पैसे मोजायचे. एका डोळ्यात थोडा मायनस मुद्दाम शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून तसं जगून बघावं लागतं. शिवाय पुढे वयानुसार मोतीबिंदू येऊ शकतो, आणि लेसर झालेल्या डोळ्यात आत घालायच्या लेन्सचा नंबर काढणं अवघड होतं. ज्यांनी लेसर करून घेतला आहे त्या सगळ्यांनी ऑपरेशनआधीचा नंबर, वक्रता आणि किती मायक्रॉन घासले याचा कागद आधार कार्डासारखा जपून ठेवावा. बाबांनी सवलतीचे पैसे चांगल्या प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या) चष्म्यात घालावेत.

सवलतीबद्दल एवढंच, की महिनाअखेरची मुदत आणि दोन आठवडे लेन्स बंद ठेवण्याची अट एकमेकांत बसत नाहीत. जे सेंटर तुम्हाला 'तुमचे डोळे योग्य नाहीत' असं सांगून परत पाठवू शकतं, त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसेल. रिपोर्टची प्रत मागून घ्या, तो तुमचा आहे. ती घेऊन ऑपरेशन न विकणाऱ्या डॉक्टरचं मत घ्या, सयाजी रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात घेतलं तरी चालेल. नंबर थोडा उरला तर पुन्हा लेसर त्याच पैशांत का, आणि तेवढी जाडी माझ्याकडे उरेल का, हे लेखी घ्या. आरोग्य विमा यात बहुधा कामी येणार नाही : ७.५ पेक्षा कमी नंबर काढण्याचा खर्च पॉलिसींच्या ठरावीक अपवादांत मोडतो. आणि कुठल्या सरकारी भरतीचा विचार असेल तर आधी तिचे वैद्यकीय नियम वाचा. रेल्वेच्या लोको पायलटसारख्या पदांना लेसिक झालेला उमेदवार चालत नाही.

सगळं जुळून आलं तर ऑपरेशन कधी? वडोदऱ्यात राहणाऱ्यांनी हे पंचांग बघूनच ठरवावं. नवरात्राआधी नकोच : नऊ रात्री धूळ, घाम, गर्दीत कोणाचा तरी कोपर. लेसिकचं झाकण पहिल्या काही आठवड्यांत अशा धक्क्यानं सरकू शकतं. मग दिवाळीचा धूर. मग उत्तरायण : दिवसभर गच्चीवर आकाशाकडे डोळे, वाऱ्यात मांजा. १४-१५ जानेवारी उलटली की होळीपर्यंत किमान सहा आठवडे मोकळे मिळतात, थंडी असते, ऊन कोवळं असतं. तुमचा नंबर तोवर थांबला असेल तर हा काळ सगळ्यांत सोयीचा. होळीला त्या वर्षी रंग नाही, हे मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा.

ऑपरेशनआधी तीन दिवस काजळ, मस्कारा बंद. पापणीच्या मुळाशी राहिलेला कण झाकणाखाली गेला तर त्रास होतो. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, त्या दिवशी अत्तर-स्प्रे नको. डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालतात, इंजेक्शन नसतं. डोळा स्थिर धरणारी पकड बसते तेव्हा काही सेकंद अंधारून येतं, घाबरून मान हलवू नका. दिव्याकडे बघत राहा. नंतर चार-सहा तास जळजळ, पाणी, झोपून जा. आठवडाभर रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावायची, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातोच, आणि तुमचा तर सवयीनं जाणार. आठ-दहा दिवस चेहऱ्यावर पाणी मारायचं नाही, ओल्या कपड्यानं पुसायचं. फोडणीपासून लांब. स्कूटीवर बंद गॉगल. संगणक लेसिकनंतर दोन-तीन दिवसांनी, पीआरकेनंतर आठ-दहा दिवसांनी. पोहणं महिन्यानं. दुखणं वाढत चाललं, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा धूसर झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि पीआरकेनंतर स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे चालतात, तेवढ्या काळात प्रेशर तपासून घ्यायचं.

लेसर करायचा की नाही हे ठरवताना एक तुलना चुकू देऊ नका. तुमच्यासमोर एकीकडे लेसर आणि दुसरीकडे निर्धोक आयुष्य असं नाही. दुसरीकडे रोज दहा-बारा तास घातलेली लेन्स आहे. लेन्स घालून झोपणं, नळाच्या पाण्यानं ती धुणं, डबी वर्षानुवर्षं तीच वापरणं यांतून कॉर्नियात जंतुसंसर्ग होतो आणि त्याचा व्रण नजर कायमची घालवू शकतो. जी मुलगी लेन्सची शिस्त पाळत नाही आणि चष्मा घालणारही नाही, तिचा कॉर्निया तपासणीत निर्दोष ठरला तर तिला मी लेसरकडेच झुकायला सांगेन. चष्मा चालत असेल तर तो अजूनही सगळ्यांत बिनधोक. सहाच्या नंबराला १.६७ निर्देशांकाची, म्हणजे पातळ बनणारी, काच, लहान आणि गोलसर फ्रेम घेतली की कडा जाड दिसत नाहीत आणि डोळेही फार बारीक वाटत नाहीत. मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये तीच काच जाड होते.

या नवरात्रासाठी आत्ताच करता येईल असं सांगते. रोज नवी घालून रात्री फेकायची अशी डेली डिस्पोजेबल टोरिक लेन्स मिळते, १.२५ च्या सिलिंडरमध्येही. नऊ रात्रींच्या नऊ जोड्या, शिवाय दोन जास्तीच्या. चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला लावू नका, सहाला तो थोडा कमी येतो. लेन्स बसवून तपासून घ्या. घालण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा, मग लेन्स, मग मेकअप. मैदानात धूळ गेली तर चोळायचं नाही, लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब पर्समध्ये ठेवा. डोळा लाल असेल त्या रात्री चष्मा, मागे पट्टी लावून. घरी पोचल्यावर कितीही झोप आलेली असली तरी आधी लेन्स काढून टाका. दिवाळी झाली की चष्म्यावर या आणि पंधराव्या दिवशी तपासणीची वेळ घ्या.